सळईचा गंज बाहेरून कसा ओळखतात?

स्लॅबचा पोपडा पडून तांबूस सळई उघडी दिसते, तोवर गंज लागून बरीच वर्षं झालेली असतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून रेटत राहतो आणि शेवटी काँक्रीट तडकतं. तडा जाण्याआधीच गंजाचा सुगावा लागायला हवा.

नव्या काँक्रीटचा सामू (pH) 12.5 ते 13.5 असतो. एवढ्या अल्कधर्मी जागी सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच तिला जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू झिरपून सामू 9 च्या खाली आणतो, नाहीतर मिठातले क्लोराइड हा थर जागोजागी भेदतात.

गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, म्हणून ती व्होल्टमीटरने हेरता येते. एका नळीत मोरचुदाचं संपृक्त द्रावण, त्यात तांब्याची कांडी, तळाला सच्छिद्र बूच आणि त्यावर ओला स्पंज. मीटरची एक तार कांडीला, दुसरी सळईला. (सळईपर्यंत पोचायला एखाद्या जागी थोडं फोडावं लागतंच.) मग पृष्ठभागावर चौकटी आखून ठिकठिकाणी नळी टेकवायची. आकडा उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. उणे 200 च्या वर असेल तर गंज नसण्याची शक्यता तेवढीच. मधल्या पट्ट्यात नक्की काही सांगता येत नाही.

एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पाण्यात बुडालेल्या काँक्रीटमध्ये आकडा फार खाली जातो, पण प्राणवायूच पोचत नसल्याने गंज जवळपास थांबलेला असतो. सगळ्या आकड्यांचा नकाशा काढून शेजारच्या चौकटींतला फरक बघावा. जिथे आकडा एकदम घसरतो, तिथे संशय धरावा. गंजाचा वेग मात्र यातून कळत नाही. त्याचा अंदाज काँक्रीटच्या विद्युत रोधावरून येतो. काँक्रीट ओलं आणि खारट असेल तर रोध कमी भरतो, आणि गंजाला वाट मोकळी असते.

नकाशातली सर्वांत वाईट जागा थोडी फोडून ताज्या कपारीवर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं रसायन) शिंपडतात. रंग चढला नाही, तर कार्बन डायऑक्साइड तिथवर पोचलाय. कपार सळईपर्यंत गडद गुलाबी झाली आणि तरी सळई गंजलेली निघाली, तर क्लोराइडची तपासणी लगेच करून घ्यावी.