पाणीबचत

लोकसंख्या, शेती आणि उद्योग यांची तहान वाढत असताना हाती असलेला पाणीसाठा जपणे आणि पुरवून वापरणे. पृथ्वीवरील पाण्यापैकी गोडे पाणी सुमारे २.५ टक्केच, आणि त्यातलाही मोठा भाग बर्फात गोठलेला. त्यामुळे मागणी वाढली की नवे धरण बांधण्याआधी आहे ते पाणी कुठे जाते हे पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

शहरांत पाहायची पहिली जागा म्हणजे गळती. जमिनीखालची जलवाहिनी फुटली तरी पाणी वर येतेच असे नाही. ते वर्षानुवर्षे मुरत राहते. ती शोधण्यासाठी भागवार मीटर बसवतात आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यानचा प्रवाह मोजतात. सगळे झोपलेले असताना मीटर जोरात फिरत असेल, तर पाणी कुठेतरी गळते आहे. मग कर्मचारी धातूची लांब दांडी व्हॉल्व्हवर टेकवून दुसरे टोक कानाला लावतो. फुटक्या जागेतून सुटणाऱ्या पाण्याची सरसर त्याला ऐकू येते. हे काम चिकाटीचे आहे, आणि त्याला धरणाच्या उद्घाटनाइतका मान मिळत नाही ही खेदाची गोष्ट.

घरात फ्लशची टाकी बरेच पाणी खाते. जुन्या टाक्या एका वेळी १३ लिटर किंवा त्याहूनही जास्त सोडत, नव्या सहा लिटरांत भागवतात. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनमध्ये २०१८ च्या टंचाईत माणशी रोज ५० लिटरांची मर्यादा घातली गेली होती. नामिबियाची राजधानी विंडहूक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरते.

मात्र जगातील एकूण उपशापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीला लागते, आणि इथे हिशेब फसवा आहे. ठिबक सिंचनाने पाणी थेट मुळाशी पोचते, बाष्पीभवन घटते, पीकही चांगले येते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी रान भिजवले किंवा जास्त पाण्याचे पीक घेतले, तर विहिरीची पातळी खालावतच राहते. शिवाय पाटाने दिलेल्या पाण्यातले जे जमिनीत मुरून खालच्या विहिरींना मिळत होते, तेही बंद होते. म्हणून ठिबकच्या नळ्यांबरोबरच पंपाला मीटर लावणे आणि वर्षाला किती उपसायचे ते भूजलाच्या पुनर्भरणावरून ठरवणे आवश्यक असते.