वारस नोंदीचा अर्ज परत का येतो? अडवणारे काही शब्द

सातबाऱ्यावरचा खातेदार वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) वर्दी द्यायची असते. ही मुदत मृत्यूपासून मोजतात, दाखला हातात पडल्यापासून नव्हे. पण उशीर झाला म्हणून वारसाहक्क बुडत नाही, तेव्हा घरी बसू नका.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), वारसांचे ओळखपुरावे आणि प्रतिज्ञापत्र लागतं. अर्ज महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरही भरता येतो.

घोडं अडतं ते प्रतिज्ञापत्रातल्या ‘सर्व वारस’ या दोन शब्दांपाशी. हिंदू पुरुष खातेदार मृत्युपत्र न करता गेला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई हे सगळे वर्ग 1 चे, म्हणजे पहिल्या हक्काचे वारस. आधीच वारलेल्या मुलाची बायको-मुलंही त्यात येतात. वडील मात्र येत नाहीत. सासरी गेलेली मुलगी हमखास गाळली जाते, त्याखालोखाल आई. ‘बहिणीला काही नकोय’ हे कारण चालत नाही. तिचं नाव द्यावंच लागतं. तिला खरोखर हक्क सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. नोटरीच्या शिक्क्याचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे.

दुसरा घोळ उत्तराधिकार प्रमाणपत्राचा. ते 1925 च्या कायद्याखाली कोर्ट देतं, पण ठेवी, रोखे, येणी यांच्यासाठी. जमिनीच्या वारस नोंदीला त्याची गरज नाही, तरी लोक त्यापायी महिनोन्‌महिने कोर्टात खेटे घालतात.

जुन्या उताऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर सावध व्हा. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे थोरल्याचं नाव सगळ्यांच्या वतीने लागलेलं. तो एकटा मालक नव्हे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, अठरा वर्षांखालचा. मूल सज्ञान झालं तरी शेरा आपोआप जात नाही. वयाचा पुरावा जोडून अर्ज करावा लागतो, आणि हे कुणी सांगत नाही.

अर्ज घेतला की वारसांची नोंद आधी गाव नमुना 6क (वारसांची नोंदवही) मध्ये होते, मग फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद. नोटिशीनंतर हरकतीसाठी 15 दिवस. फेरफार ‘धरला’ म्हणजे काम झालं असं नाही. मंडळ अधिकाऱ्याने तो ‘प्रमाणित’ केल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव चढत नाही. म्हणून परत येताना फेरफार क्रमांक लिहूनच घ्या.