दहा शिलिंगांची वर्गणी आणि वर्षाचा एक ग्रंथ: व्हिक्टोरियन काउंटी पुरातत्त्व संस्था कशा चालत

इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या एखाद्या खेड्याचा इतिहास शोधायला बसलं, की वाट लवकरच ‘ससेक्स आर्किऑलॉजिकल कलेक्शन्स’ किंवा ‘आर्किऑलॉजिया कँटियाना’ अशा एखाद्या जुन्या ग्रंथमालेपाशी येते. हे खंड काढणाऱ्या संस्था सरकारी नव्हत्या आणि विद्यापीठांच्याही नव्हत्या. एका काउंटीतले (इंग्लंडमधला एक प्रशासकीय विभाग) पाद्री, वकील, डॉक्टर, जमीनदार आणि पेढीवाले एकत्र येत, वर्गणी काढत आणि त्या पैशावर सगळा कारभार चाले. त्यांच्या सहली आणि उत्खननं यांच्याकडे लक्ष लवकर जातं. पण यातली एखादी संस्था का टिकली आणि दुसरी का मरगळली, हे समजून घ्यायचं तर खजिनदाराची वही उघडावी लागते. वर्षाचा ग्रंथ वेळेवर निघाला तर सभासद राहत. तो रखडला की वर्गणी थकायला लागे, आणि वर्गणी थकली की पुढचा ग्रंथ आणखी रखडे.

या संस्थांच्या आधी लंडनची सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज होती. १७०७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला १७५१ मध्ये राजसनद मिळाली, पण तिचं सगळं काम राजधानीत चाले. डिसेंबर १८४३ मध्ये चार्ल्स रोच स्मिथ, टॉमस राइट आणि अल्बर्ट वे यांनी ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशन काढली आणि सप्टेंबर १८४४ मध्ये कँटरबरीला तिची पहिली परिषद भरवली. दरवर्षी नव्या गावात जायचं, तिथल्या लोकांना जागं करायचं, निबंध वाचायचे, वास्तू पाहायच्या, हा शिरस्ता तिथे पडला. १८४५ मध्येच ही संघटना फुटली. वादाचं निमित्त राइट यांनी पुस्तकविक्रेत्यासाठी केलेल्या एका प्रकाशनाचं होतं, आणि त्यामागे मानपानाची तेढही होती, कारण रोच स्मिथ हे लंडनचे औषधविक्रेते होते. फुटीर गटाची आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट झाली. आता दोन मध्यवर्ती संस्था दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत परिषदा भरवू लागल्या आणि त्यांच्या मागोमाग अनेक ठिकाणी स्थानिक संस्था निघाल्या.

ससेक्सच्या बाबतीत ठिणगी रेल्वेने टाकली. ऑक्टोबर १८४५ मध्ये लुइस गावी लोहमार्गासाठी जुन्या मठाच्या जागेतून खणताना मजुरांना शिशाच्या दोन लहान पेट्या सापडल्या. त्यांवर मठाचे संस्थापक विल्यम द वॉरेन आणि त्याची पत्नी गुंड्राडा यांची नावं कोरलेली होती आणि आत हाडं होती. अकराव्या शतकातली माणसं अशी नावानिशी हाती लागली, आणि त्याच वेळी त्यांच्या मठाच्या उरलेल्या पायावरून रूळ जाणार होते. १८४६ मध्ये ससेक्स संस्था स्थापन झाली आणि १८४८ मध्ये तिचा पहिला खंड निघाला. मग सॉमरसेट (१८४९), एसेक्स (१८५२), विल्टशर (१८५३), सरे (१८५४), केंट (१८५७) अशी रांगच लागली. ब्रिस्टल आणि ग्लॉस्टरशर यांची संयुक्त संस्था १८७६ मध्ये आली, डर्बीशरची १८७८ मध्ये.

रेल्वे उद्ध्वस्त करत होती आणि रेल्वेच जोडतही होती. पन्नास मैलांवरचे सभासद सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतू शकत. १८४० च्या पेनी पोस्टमुळे अर्ध्या औंसाचं पत्र एका पेनीत देशभर जाऊ लागलं. चिटणिसाला शेकडो पत्रं लिहावी लागत, आणि जुन्या टपालदरात ते कोणत्याच संस्थेला परवडलं नसतं.

पदाधिकाऱ्यांची रचना जवळपास सगळीकडे सारखी होती. वर आश्रयदाता आणि अध्यक्ष, बहुधा काउंटीतला बडा उमराव. त्याखाली उपाध्यक्षांची लांबलचक यादी, म्हणजे सरदार, बिशप, खासदार. ही यादी शोभेची वाटते, पण तिचं काम पक्कं होतं. वाड्याचे दरवाजे आणि घराण्याच्या दप्तरांच्या खोल्या याच मंडळींच्या ताब्यात होत्या. उपाध्यक्ष केलेल्या जमीनदाराकडे सनदा पाहायला मागणं सोपं जाई. रोजचा गाडा मानद चिटणीस ओढे. केंटचे पहिले चिटणीस लॅम्बर्ट लार्किंग पाद्री होते आणि जुन्या सनदांचे जाणकारही. म्हणूनच केंटच्या सुरुवातीच्या खंडांत केंटमधल्या सरेंडेन या वाड्याच्या दप्तरातल्या सनदा आणि जमीन-व्यवहारांच्या मध्ययुगीन नोंदी एवढ्या भरलेल्या दिसतात. खजिनदार सहसा पेढीवाला असे. जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक चिटणीस नेमलेले असत. वर्गणी गोळा करणं, नवा सभासद सुचवणं आणि कुठे काही सापडलं तर ताबडतोब कळवणं ही त्यांची तीन कामं.

सभासद व्हायला सूचक आणि अनुमोदक लागे, मग गुप्त मतदान होई. वर्षाची वर्गणी दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड (पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स). शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीएवढी किंवा त्याहूनही अधिक. त्यामुळे गरिबाला दार आपोआपच बंद होतं. बायकांना मात्र बऱ्याच काउंटी संस्थांत सभासद होता येई आणि सहलींना त्या मोठ्या संख्येने येत. ससेक्सच्या नियमावलीत धार्मिक आणि राजकीय वादाचे विषय टाळायचे असं कलम होतं. चर्चला जुन्या कॅथलिक परंपरेकडे वळवू पाहणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीवरून चर्चमध्ये रण माजलेलं असताना, निम्मे वक्ते पाद्री असलेल्या संस्थेत या कलमावाचून एकही सभा धड पार पडली नसती.

आता पैसा. पाचशे सभासद धरले तर कागदावर वर्षाला अडीचशे पौंड. त्यातून छपाई, चित्रं, टपाल, सभागृहाचं भाडं आणि संग्रहालयाचा खर्च भागवायचा. पहिला खड्डा आजीव सभासदांचा. एकदाच पाच पौंड भरले की जन्मभर वर्गणी नाही. हे पाच पौंड तीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत गुंतवले तर वर्षाला तीन शिलिंग व्याज सुटे, आणि तेवढ्यात ग्रंथाची एक प्रतही निघत नसे. ज्या संस्था ही रक्कम त्याच वर्षीच्या खर्चात उडवत, त्यांच्यावर वीस वर्षांनी असे शेकडो सभासद सांभाळायची वेळ येई, ज्यांना ग्रंथ द्यायचा पण ज्यांच्याकडून काहीच यायचं नाही. शहाणा खजिनदार आजीव वर्गणी वेगळ्या खात्यात ठेवी आणि फक्त व्याजाला हात लावी.

दुसरा खड्डा थकबाकीचा. वर्गणी १ जानेवारीला आगाऊ द्यायची आणि थकबाकीदाराला ग्रंथ द्यायचा नाही, असा नियम असे. हा नियम कडक पाळला तर सभासद चिडून जात, नाही पाळला तर फुकट्यांची संख्या वाढे. सभासद मेला किंवा परगावी गेला तरी त्याचं नाव यादीत तसंच राही. म्हणून छापील यादीतला आकडा आणि हाती आलेली रक्कम यांत कायम तफावत. अशा संस्थेचा अहवाल वाचताना सभासदसंख्येवर विसंबू नये. जमाखर्चातली वर्गणीची ओळ दहा शिलिंगांनी भागावी, खरी संख्या तिथे मिळते.

ग्रंथ अष्टपत्री आकाराचा, सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापलेला. लाकडी ठोकळ्यावर कोरलेलं चित्र खिळ्यांबरोबरच बसवता येई, त्यामुळे ते स्वस्त पडे आणि मजकुराच्या पानातच येई. शिळाछापाचं किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र मात्र वेगळ्या कागदावर, वेगळ्या यंत्रावर छापून मग पानांत चिकटवावं लागे. हा खर्च बहुधा लेखक किंवा वास्तूचा मालक उचले, आणि चित्राखाली तसा उल्लेख येई. त्यामुळे कोणत्या वास्तूचं चांगलं चित्र छापलं जाणार, हे काही वेळा तिच्या महत्त्वापेक्षा मालकाच्या खिशावर ठरे. लेखकांनी तपासायला आलेल्या मुद्रितावर परिच्छेदच्या परिच्छेद नव्याने लिहिणं, हे छपाईचं बिल फुगण्याचं नेहमीचं कारण. कागदावरचा कर १८६१ मध्ये उठला, तेव्हा थोडा हात मोकळा झाला.

ग्रंथ पोचवणं हा आणखी एक खर्च. १८४८ मध्ये पुस्तकटपाल सुरू झालं तेव्हा वजनाच्या दर पौंडाला सहा पेन्स पडत, आणि अपुरा पौंडही पूर्ण धरला जाई. दीड पौंडाचा खंड धरला तर पूर्ण एक शिलिंग, म्हणजे वर्गणीचा दहावा हिस्सा टपालातच जाई. म्हणून खंड गठ्ठ्याने स्थानिक चिटणिसाकडे किंवा गावातल्या पुस्तकविक्रेत्याकडे पाठवत आणि सभासद तिथून नेत. १८५५ मध्ये दर पौंडाला चार पेन्सांवर आला आणि तोच खंड सहा पेन्सात जाऊ लागला.

उन्हाळ्यातली वार्षिक सभा आणि सहल ही सभासद टिकवण्याची दुसरी तजवीज. तयारीला महिने लागत. रेल्वे कंपनीकडून सवलतीची तिकिटं, स्टेशनवर घोडागाड्या, मालकांच्या परवानग्या, जेवणासाठी तंबू, गावातल्या सभागृहात तात्पुरतं प्रदर्शन आणि त्याची राखण. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी निबंध वाचणार. बिघाड ठरलेला असे. पहिल्याच चर्चमध्ये वक्ता लांबे, पुढच्या किल्ल्याला दहा मिनिटंही उरत नसत आणि परतीची गाडी तर थांबणारी नसे. दिवसाला चारापेक्षा जास्त ठिकाणं घातली की हमखास घोळ होई. जेवणाची तिकिटं आगाऊ विकली नाहीत तर तूट थेट संस्थेच्या गळ्यात पडे.

सहलीत नवशिक्या सभासदालाही जमेल असं खरं काम म्हणजे चर्चमधल्या पितळी स्मृतिपत्र्यांचे ठसे घेणं. चांभार टाचेच्या कडा काळ्या करायला वापरतात ते काजळी घातलेलं मेण आणि लांब गुंडाळीचा कागद एवढंच साहित्य. आधी पत्रा मऊ ब्रशने झाडायचा, कारण वाळूचा एक कण राहिला तरी कागद फाटतो. कागद पसरून गुडघे टेकायच्या उशांनी त्याची टोकं दाबायची. तळव्याने चोळून पत्र्याची कड कागदावर उमटवून घ्यायची, म्हणजे मेण कुठे थांबवायचं ते कळतं. मग एका टोकाकडून सुरुवात करून सारख्या दाबाने घासत जायचं. मध्येच कागद अर्धा इंच सरकला तर सगळ्या रेघा दुहेरी होतात आणि काम वाया जातं. पुढे पत्रे चोरीला गेले किंवा दुरुस्तीत हरवले, तेव्हा मागे उरलेला पुरावा पुष्कळदा हे ठसेच होते.

स्थानिक चिटणिसाचं जाळं जिथे विरळ होतं तिथे काय होई, याचं उदाहरण ससेक्समधल्या माउंटफील्डचं आहे. १८६३ च्या जानेवारीत तिथे एका नांगऱ्याला कांस्ययुगातले सोन्याचे दागिने सापडले. त्याला ते पितळ वाटलं. सुमारे अकरा पौंड वजनाचा माल पौंडाला सहा पेन्स या भावाने, म्हणजे साडेपाच शिलिंगांत विकला गेला. घेणाऱ्यांना सोनं ओळखता येत होतं. त्यांनी ते लंडनला पाचशे पौंडांहून अधिक किमतीला विकलं आणि ते वितळलं. खटला झाला, शिक्षा झाली, पण दागिने गेले ते गेलेच. बातमी वेळेत एखाद्या जाणत्या माणसाच्या कानावर पडायला हवी होती.

उत्खननात संस्थांनी स्वतःही भरपूर नुकसान केलं, हे स्पष्ट लिहायला हवं. दफनटेकाड उघडायची रूढ पद्धत म्हणजे माथ्यावरून मध्यापर्यंत खड्डा. पाहुण्यांसमोर उघडायचं तर मजूर आदल्या दिवशी बहुतेक माती काढून ठेवत आणि शेवटचा थर तेवढा राखून ठेवत. भांडी, मणी, तलवारी उचलल्या जात. मातीचे थर, कोळसा, फुटकी खापरं यांची नोंद होत नसे. कडेच्या दफनांपर्यंत कोणी पोचतच नसे. उत्खननकार पिट-रिव्हर्स यांनी १८८० नंतर दक्षिण इंग्लंडातल्या क्रॅनबोर्न चेस या भागात प्रत्येक वस्तूची जागा आणि खोली नोंदवायला सुरुवात केली, पण त्यांच्यामागे स्वतःची प्रचंड इस्टेट आणि पगारी सहायक होते. दहा शिलिंगांच्या वर्गणीत तसं काम होणं शक्य नव्हतं.

वास्तू हाती आली की कारभार बदले. ससेक्स संस्थेने १८५० मध्ये लुइसचा किल्ला भाड्याने घेतला, सॉमरसेटने १८७४ मध्ये टाँटनचा किल्ला विकत घेतला. जागा विश्वस्तांच्या नावावर ठेवावी लागे, आणि विश्वस्त वारले की नवा दस्त करण्याचा खर्च येई. १८४३ च्या कायद्याने शास्त्र, साहित्य आणि कला यांसाठीच्या संस्थांना स्थानिक करातून सूट होती, पण संस्था ऐच्छिक वार्षिक वर्गणीवर चालायला हवी आणि सभासदांना लाभांश देता कामा नये, अशी अट होती. संग्रहालयात सर्वांत मोठा शत्रू सुटलेली चिठ्ठी. गोंदाने चिकटवलेला कागद ओलीने निघे आणि कुठल्या शेतातलं हे खापर ते कायमचं हरवे. वस्तूवरच शाईने क्रमांक घालून वहीत नोंद ठेवली तरच ती उपयोगाची राही.

चर्चच्या जीर्णोद्धाराबाबत संस्था दुभंगलेल्या होत्या. जे पाद्री आणि वास्तुविशारद जुन्या भिंतींवर निबंध वाचत, तेच चुना खरवडून नवे दगड बसवत होते. १८७७ मध्ये कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी वेगळी संस्था काढली ती याच प्रकाराविरुद्ध. स्मारकांचा पहिला कायदा १८८२ मध्ये आला, पण त्यात सक्ती नव्हती. मालकाची संमती असेल तरच सरकार स्मारक सांभाळायला घेई.

त्याच सुमारास शेतीची मंदी आली. पाद्र्यांचं आणि जमीनदारांचं उत्पन्न शेतीवरच बेतलेलं, त्यामुळे वर्गणीदारांचा कणाच मोडला. संस्थांनी एकमेकींशी हातमिळवणी केली ती या काळात. १८८८ पासून पुरातत्त्व संस्थांची काँग्रेस, म्हणजे संयुक्त परिषद, लंडनला भरू लागली. जॉर्ज पेन यांनी केंटचं पुरातत्त्वीय सर्वेक्षण केलं, कुठे काय सापडलं त्याची नकाशासह यादी. १८९१ सालच्या लेखांपासून सर्व संस्थांच्या निबंधांची वार्षिक सूची निघू लागली. तोवर एका काउंटीतल्या अभ्यासकाला शेजारच्या काउंटीत काय छापलं गेलं हे कळायचं साधनच नव्हतं. १८९९ मध्ये व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या काउंटीवार इतिहासमालेचं काम सुरू झालं आणि तिच्या लेखकांनी पन्नास वर्षांचे हे खंड पानापानाने वापरले. ससेक्समध्ये १९०१ साली दस्तऐवज छापण्यासाठी स्वतंत्र रेकॉर्ड सोसायटी निघाली. सनदा आणि न्यायालयीन नोंदी तिच्याकडे जाऊ लागल्या, आणि जुन्या संस्थेच्या खंडात भिंती, खापरं आणि खड्ड्यांचे छेद यांना जागा मोकळी झाली.