शाळेतला छळ शाळेत संपत नाही

"पोरं आहेत, चिडवणारच. मोठा झाला की विसरून जाईल." घरोघरी हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की ते खरं आहे का, हे पाहावंसं कुणाला वाटत नाही. ब्रिटनमध्ये मात्र ते पाहिलं गेलं. १९५८ सालच्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात तिथे जन्मलेल्या बाळांच्या आयुष्याची नोंद पुढे दशकानुदशकं ठेवली गेली. मुलं सात आणि अकरा वर्षांची असताना त्यांच्या पालकांना विचारलं होतं, इतर मुलं याला त्रास देतात का? त्यांतल्या ७,७७१ जणांच्या माहितीवरचे निष्कर्ष लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. ती मुलं तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती. ज्यांना लहानपणी वारंवार छळ सोसावा लागला, त्यांच्यात पंचेचाळीस-पन्नाशीतही नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले. जोडीदार नसण्याचं, अडीअडचणीला हक्काचं माणूस नसण्याचं प्रमाणही जास्त. घरची गरिबी, मुलाची बुद्धिमत्ता, आधीपासूनचे भावनिक त्रास हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच.

चाळीस वर्षं! विसरायला एवढा वेळ पुरला नाही.

आता प्रत्येक थट्टा म्हणजे छळ नव्हे. नागपुरात तर "का बे भैताड" अशी हाक मारल्याशिवाय दोस्ती पक्की होत नाही. नॉर्वेत या विषयाचा शास्त्रीय अभ्यास रुजवणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळ ओळखण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या: दुखवण्याचा हेतू असतो, ते पुन्हापुन्हा घडतं आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. माझ्या मते यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि मोठी माणसं नेमकी तीच विसरतात.

सकाळी मानेवाड्याहून निघालेला शाळेचा ऑटो घ्या. आठ-दहा पोरं दाटीवाटीने कोंबलेली, दप्तरं बाहेर लटकलेली. त्यात एक सहावीतला मुलगा आहे, बोलताना थोडा अडखळतो. तो "दादा, थांबा" म्हणायला गेला की मागच्या सीटवरचे आठवीतले तिघे त्याच्यासारखंच अडखळत ते वाक्य पूर्ण करतात आणि अख्खा ऑटो हसतो. ऑटोवाल्या दादांचं लक्ष रस्त्यावर. शाळेत वर्ग वेगळे, त्यामुळे बाईंना पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी तेच. महिनाभराने तो मुलगा उतरायचं ठिकाण आलं तरी तोंड उघडत नाही, दुसरं कुणी ओरडेल म्हणून वाट पाहतो. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं, "रडून काऊन राहिला बे? तूही दोन ठेवून दे ना!" एकाने तिघांना, तेही वयाने मोठ्या, दोन ठेवून देता आल्या असत्या तर तो घरी सांगायला आलाच नसता. अशा उत्तरातून त्याला एवढंच कळतं की घरीही सांगून उपयोग नाही.

इथे एक शंका रास्त आहे. मुळातच हळवी मुलं लवकर लक्ष्य होतात आणि हळवी माणसंच पुढे निराश होतात, असं तर नसेल? या शंकेचं उत्तर शोधायला जुळ्या मुलांची मदत झाली. एकसारख्या जुळ्यांची जनुकं एक, घर एक, आईवडील एक. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या एका मोठ्या अभ्यासातून अशा जोड्या निवडल्या, ज्यांतल्या एकाचा छळ झाला होता आणि दुसऱ्याचा नाही. बारा वर्षांच्या आसपासच्या या मुलांना थोडं ताण देणारं काम दिलं आणि लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. ताण आला की हे संप्रेरक वाढतं, तसं ते छळ न झालेल्या भावंडात वाढलं. छळ झालेल्यात ती वाढ झालीच नाही. जनुकं तीच, घर तेच, तरी शरीराचं वागणं वेगळं! त्याचं एक स्पष्टीकरण असं की एप्रिल-मे दिवसरात्र चालवलेल्या कूलरचा पंप जसा शेवटी पाणी चढवेनासा होतो, तशी सतत चालू राहिलेली ताणाची यंत्रणा थकते आणि खऱ्या गरजेला साथ देत नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या १,४२० मुलांना संशोधकांनी तरुणपणापर्यंत वारंवार भेटून असाच मागोवा घेतला. छळ सोसलेल्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे शरीरातल्या दाहाची खूण, वयाबरोबर जास्त वाढत गेली. याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. जे फक्त इतरांना छळत होते, त्यांच्यात ही वाढ सगळ्यात कमी होती. वर्गातला दरारा त्यांच्या शरीराला मानवला होता, असा त्याचा अर्थ लावला गेला. 'त्याचं त्याला फळ मिळेल' म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे वाचायला हवं. आणि सगळ्यात वाईट हाल कुणाचे? जे स्वतः मार खात होते आणि दुसऱ्याला मारतही होते त्यांचे. तरुणपणी नैराश्य, भीतीचे झटके, आत्महत्येचे विचार त्यांच्यात ठळक दिसले. वर्गातला 'वांड' म्हणून ज्याला रोज बाहेर उभं करतात, त्यालाही कुणी छळतंय का, हे विचारायला हवं.

पण यातलं काहीच अटळ नाही. त्याच जुळ्यांच्या अभ्यासात दिसलं की आईची माया, भावाबहिणीचा जिव्हाळा आणि घरातलं शांत वातावरण लाभलेली मुलं छळानंतरही बरीच सावरली. तसंच बघ्यांचं. कॅनडात शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून केलेल्या एका अभ्यासात छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. मुलं जेव्हा मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत छळ थांबला. फिनलंडने २००९ पासून देशभर नेलेला 'किवा' हा शालेय कार्यक्रम याच बघ्यांवर भर देतो. त्यात हसणाऱ्या मुलांना हसणं थांबवायला आणि एकट्या पडलेल्याच्या शेजारी जाऊन बसायला शिकवतात. त्या ऑटोतल्या उरलेल्या पाच-सहा पोरांना हे कुणी शिकवलं तर मागच्या सीटवरच्या तिघांची निम्मी ताकद तिथेच जाईल.

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आधीच्या आठवड्यात मुलाकडे लक्ष द्या. नवी वह्या-पुस्तकं पाहूनही चेहरा पडलेला, रात्री झोप नाही, डॉक्टरांना काही न सापडणारी पोटदुखी, "मला त्या ऑटोने नाही जायचं" असा हट्ट. असं दिसलं तर "कोण त्रास देतं?" असं एकदम विचारण्याऐवजी "ऑटोत कुणाशेजारी बसतोस? डबा कुणाबरोबर खातोस?" इथून सुरुवात करा. तो बोलू लागला की मध्ये उपाय सांगू नका, सगळं ऐकून घ्या. मग शाळेत जा, पण काय करणार आहात हे आधी त्याला सांगून. त्रास जुना असेल, किंवा मूल स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर थांबू नका. नागपुरातल्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक मुलालाही पाठ करून द्या.