तीन पत्ती

बावन्न पानांच्या कॅटमधून प्रत्येकी तीन पाने वाटून, ती पाहून किंवा न पाहताच डावावरची रक्कम वाढवीत नेण्याचा पत्त्यांचा खेळ. उत्तर भारतात व नेपाळात ‘फ्लश’ हे नाव अधिक रूढ आहे. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन कॅसिनोच्या टेबलांवर रूलेट, ब्लॅकजॅक आणि बाकारात यांच्या पंगतीला अंदर-बाहर आणि तीन पत्ती हे दोन देशी खेळ येऊन बसले. तेथे नाव तेच राहिले असले, तरी खेळ बराच पालटला आहे. पुढील विवेचनात रूढीसंबंधीची माहिती मुख्यतः बडोद्यातील मराठी घरांची आहे.

उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तीन पत्ती हे इंग्रजी ‘ब्रॅग’चे भारतीय रूप होय. ब्रॅगची मुळे सोळाव्या शतकातील प्रिमेरो या युरोपीय खेळाच्या कुळात शोधली जातात आणि अठराव्या शतकाच्या मध्याला तो इंग्लंडात चांगलाच रुळलेला होता; एडमंड हॉइल यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली ती १७५१ मध्ये. कंपनीच्या पलटणींबरोबर तो इकडे आला आणि बहुधा एकोणिसाव्या शतकात छावणीबाहेर पसरला, असे मानण्यास हरकत नाही. दुसरे मत त्याचा संबंध गंजिफाशी, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांच्या खेळाशी, लावते. गंजिफा भारतात जुना, यात शंका नाही: सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठवल्याचा उल्लेख बाबराने १५२७ च्या नोंदीत केला आहे. मोगल गंजिफाची ९६ पाने, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची १२०. त्यातील पैसे लावून, विशेषतः दिवाळीत, खेळण्याचा प्रकार म्हणजे ‘नक्श’. त्याचा जोड ४८ पानांचा असे.

मात्र नक्शमध्ये पानांच्या गुणांची बेरीज करून ठरावीक आकड्याजवळ पोहोचायचे असते. त्याचे नाते जोडायचेच तर ते ब्लॅकजॅकशी जुळेल, तीन पत्तीशी नाही. उलट ब्रॅगशी साम्य हाताहातांत दिसते. तीन सारखी पाने, एकाच रंगाचा सलग क्रम, साधा क्रम, एक रंग, जोडी आणि शेवटी मोठे पान, ही उतरंड दोन्हीकडे जशीच्या तशी आहे. पाने न पाहता खेळणाऱ्याला निम्मी रक्कम लावण्याची सवलत दोन्हीकडे आहे. ब्रॅगमधील तीन सारख्या पानांना ‘प्रायल’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘ट्रेल’शी त्याचे नादसाम्य लक्षात येण्याजोगे आहे, पण त्यावर फार भार देऊ नये. भेदही आहेत. ब्रॅगमध्ये तीन तिऱ्यांची प्रायल सर्वांत मोठी, आपल्याकडे तीन एक्के. ब्रॅगमध्ये डाव संपला की पाने बहुधा न पिसता कॅटच्या तळाशी सरकवतात. आपण दर डावाला पिसतो. तेथे पाने पाहिलेला खेळाडू न पाहता खेळणाऱ्याकडे पाने दाखवण्याची मागणी करू शकत नाही, आपल्याकडे दोघेच उरले तर करू शकतो. हे सर्व भेद घेतलेल्या खेळाला नंतर पडलेल्या मुरडी वाटतात. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य ठरते.

हातांच्या उतरंडीतील एक विसंगती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात संभवतात. त्यांपैकी ट्रेल ५२ आहेत आणि शुद्ध सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगातील सलग तीन पाने, ४८. दुर्मीळ हात मोठा हा नियम मानला, तर शुद्ध सिक्वेन्सने ट्रेलला हरवायला हवे. प्रत्यक्षात ट्रेल वर असते. पुढचे हात मात्र नियमानुसार लागतात: सिक्वेन्स (साधा क्रम) ७२०, कलर (एक रंग) १,०९६, जोडी ३,७४४. उरलेले १६,४४०, म्हणजे शंभरात चौऱ्याहत्तरांहून थोडे अधिक, निव्वळ मोठ्या पानाचे. पाच पानांच्या पोकरमध्ये रंग क्रमाच्या वर असतो, येथे खाली. पोकरहून आलेला माणूस पहिल्या तासात येथेच फसतो. डेरेक वेब यांनी १९९४ मध्ये बेतलेल्या ‘थ्री कार्ड पोकर’ या कॅसिनो खेळात ही विसंगती दुरुस्त केलेली आहे. तेथे एकरंगी क्रम ट्रेलच्या वर बसतो. ऑनलाइन टेबलावर दोन्ही खेळ शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून कोणता क्रम लागू आहे ते नियमांच्या पानावर आधी पाहणे भाग आहे.

एक्का-दुर्री-तिर्री हा दुसरा वादाचा मुद्दा. एक्का-राजा-राणी सर्वांत मोठा क्रम आणि एक्का-दुर्री-तिर्री त्याखालोखाल, असे बहुतेक ठिकाणी धरतात. ब्रॅगमध्ये एक्का-दुर्री-तिर्री पहिला असतो आणि ती रीत पाळणारी घरे आजही आहेत. त्यामुळे वाटायला बसण्यापूर्वी हे ठरवून घेण्याचा प्रघात आहे. न ठरवता बसल्यास पुढे काय होते, ते ज्यांच्या घरी दिवाळीला पाहुणे असतात त्यांना सांगायला नको.

खेळाची रीत अशी. तीन ते सहा जण बसतात. प्रत्येकजण आरंभी ठरलेली रक्कम मध्ये टाकतो, तिला ‘बूट’ म्हणतात. पाने एकेक करून पालथी वाटली जातात. आपली पाने न उचलता खेळणारा ‘ब्लाइंड’, उचलून पाहिलेला ‘सीन’. जुन्या घरांत चिंचोके लावत, तेच उदाहरणाला घेऊ. चालू बोली दोन चिंचोक्यांची आहे. ब्लाइंड खेळाडूने दोन ते चार टाकायचे, पाहिलेल्याने चार ते आठ; या टाकण्यालाच ‘चाल’ म्हणतात. पाहिलेल्याने आठ टाकले, तर पुढच्यासाठी बोली त्याच्या निम्मी, म्हणजे चार मानली जाते. ब्लाइंडने टाकलेले मात्र जसेच्या तसे धरतात. पाने वाईट वाटली तर ‘पॅक’ म्हणून ती खाली ठेवायची. आधी टाकलेले चिंचोके गेले. पाहिलेला खेळाडू आपल्या आधीच्या पाहिलेल्या खेळाडूकडे ‘साइड शो’ मागू शकतो. दोघे गुपचूप पाने पडताळतात आणि हलका हात पॅक होतो. हात बरोबरीचे निघाले तर मागणाराच जातो. साइड शो नाकारण्याची मुभा आहे. अखेर दोघे उरले की ‘शो’, म्हणजे पाने उघडून मोठा हात कोणाचा ते पाहायचे.

या रचनेत पानांइतकेच महत्त्व समोरच्या माणसाला असते. चारातले तीन हात निव्वळ मोठ्या पानाचे निघत असल्याने बहुतेक डाव कोणाकडेच काही नसताना रंगतात. अशा वेळी पाने न उचलता सलग चार-पाच चाली ब्लाइंड टाकत राहणारी, पदर सावरून शांत बसलेली एखादी आजी सगळ्यांना पॅक करायला लावते आणि मग पाने उलटून दाखवते: नव्वी, पंजी, दुर्री. पाने पाहिलेल्याला तिच्या दुप्पट मोजावे लागत असल्याने तिचा दबाव नुसत्या धाडसाचा नसतो, हिशेबाचाही असतो.

बडोद्यात मराठी वस्ती गायकवाडांच्या अमलाबरोबर, अठराव्या शतकात वाढली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा हे तिचे जुने भाग. येथल्या मराठी घरांना पत्ते खेळण्याचे दोन हंगाम मिळाले. एक आपला: कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बलिप्रतिपदेबरोबर द्यूतप्रतिपदा हे नाव आहेच आणि शिवपार्वतीच्या सारीपाटाची कथा तिला आधाराला आहे. दुसरा शेजाऱ्यांचा: श्रावण वद्यातील रांधण छठ, शीतळा सातम आणि जन्माष्टमी. सातमला गुजराती घरांत चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचे थंड खायचे असते, आणि मोकळ्या दुपारी पत्ते निघतात. गुजराती व मराठी महिने दोन्ही अमावास्येला संपणारे असल्याने हा श्रावण दोन्ही घरी एकाच दिवशी असतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला शेजाऱ्याशी असे तिथीचे गणित करावे लागते, बडोदेकराला नाही. ‘श्रावणियो जुगार’ हा शब्द येथल्या मराठी बोलण्यातही सहज येतो.

भाषेची सरमिसळ पत्त्यांतही आहे. गुजरातीत साध्या बावन्न पानांनाही ‘गंजीपो’ म्हणतात. मराठीत गंजिफा हा शब्द त्या जुन्या गोल चकत्यांपुरताच उरला. इस्पिकला काळी, बदामला लाल, पिसण्याला ‘चीपवुं’. डावात ‘लालनो एक्को’ ऐकून चौकटचा समजणारा पुण्याचा जावई हा बडोद्याच्या घरांतला ठरलेला विनोद आहे. आणखी एक विरोधाभास नोंदवण्याजोगा: हुतूतूच्या सुधारित नियमांवर १९२३ मध्ये ज्या शहरात अखिल भारतीय स्पर्धा भरली, त्याच शहरात तीन पत्ती घरागणिक वेगळ्या नियमांनी खेळली गेली.

ऑनलाइन प्रकार तीन आहेत. पहिल्यात खरे खेळाडू एकमेकांविरुद्ध बसतात, पाने संगणक वाटतो आणि चालवणारा दर डावातून आपला हिस्सा कापतो. बूट, ब्लाइंड, चाल, साइड शो हे सारे येथे टिकून आहे. हरवते ते समोरच्याचे तोंड. दुसऱ्यात स्टुडिओतील डीलर कॅमेऱ्यापुढे खरी पाने उलटते, ती यंत्राने वाचली जाऊन पडद्यावर उमटतात. अनेकदा ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन जागांवर तीन-तीन पाने मांडली जातात आणि कोणती जागा जिंकेल यावर काही सेकंदांत पैसे लावायचे असतात. येथे पॅक नाही, चाल नाही, बोली वाढवणे नाही. तिसरा प्रकार थ्री कार्ड पोकरच्या धर्तीचा: आरंभीची रक्कम लावून पाने पाहायची, मग सोडायचे किंवा तेवढीच रक्कम आणखी लावून डीलरशी भिडायचे. डीलरकडे निदान राणी नसेल तर दुसरी रक्कम जशीच्या तशी परत येते. राणी-छक्की-चव्वी किंवा त्याहून मोठा हात असल्यास खेळावे, एरवी सोडावे, एवढ्यावर या प्रकारातील कौशल्य संपते.

याच टेबलावर जोडी किंवा त्याहून मोठा हात येईल, अशी वेगळी पैजही असते. तिची देणी एकास एकरंगी क्रमाला ४०, ट्रेलला ३०, क्रमाला ६, रंगाला ४, जोडीला १ अशी असतील, तर वरच्या संख्यांवरून हिशेब करता टेबलमालकाचा वाटा २.३२ टक्के येतो. रंगाचे देणे ४ ऐवजी ३ केले की तोच ७.२८ टक्के होतो. पडद्यावर फरक एका आकड्याचा, आणि तोही चकाकत्या चिपांच्या खाली बारीक अक्षरात. घरच्या डावात असा वाटा घेणारा कोणी नसतो. एकाचे गेलेले दुसऱ्याकडे जाते.

कायद्याच्या दृष्टीने बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा गुजरातेत आज गुजरातच्या नावाने चालतो. श्रावणातील छाप्यांच्या बातम्यांत ‘दावावरची रक्कम’ आणि ‘अंगझडतीत मिळालेली रक्कम’ वेगळ्या दिलेल्या असतात, त्या याच कायद्याखालच्या पंचनाम्यांतून. कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे आणि तीन पत्तीला ती मिळत नाही. याचे मूळ आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात दिसते. रमीत कौशल्य प्रधान आहे असे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने तुलनेला तीन पानांचा खेळ घेतला, ‘फ्लश’ आणि ‘ब्रॅग’ ही त्याचीच नावे असल्याचे म्हटले आणि त्याला निव्वळ नशिबाचा खेळ ठरवले. उगमाच्या वादात हा उल्लेख पुरावा म्हणून नव्हे, पण दोन्ही नावे एकाच खेळाची समजली जात याची खूण म्हणून उपयोगी आहे. निव्वळ नशीब हे वर्णन ब्लाइंड-चालीच्या घरगुती डावाला पुरते लागू पडत नाही. ‘अ’ आणि ‘ब’ जागांच्या ऑनलाइन टेबलाला मात्र ते तंतोतंत बसते. गुजरात उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २०१७ मध्ये पोकरही जुगारातच धरला.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. असे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे व पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्यासाठी शिक्षा नाही. जिंकलेल्या चिपा पैशांत बदलून मिळत नाहीत, अशी आभासी तीन पत्ती या बंदीबाहेर राहते. मुफलिस, एके-४७, जोकर हे घरगुती प्रकार आज बहुतांशी तेथेच खेळले जातात. मुफलिसमध्ये सर्वांत हलका हात जिंकतो, म्हणजे वेगवेगळ्या रंगांची पंजी-तिर्री-दुर्री हाती आली की डाव आपला.