डॅपर इतकं फास्ट कसं? हलक्या ओआरएमच्या पोटात शिरून बघूया

"ओआरएम वापरला की ॲप स्लो होतं, फास्ट पाहिजे असेल तर डॅपर टाका." डॉट नेटवर (मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर बनवायचं प्लॅटफॉर्म) काम करणाऱ्या कुठल्याही टीममध्ये हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की नवीन जॉइन झालेली मुलं ते नियमासारखं पाठ करून टाकतात. पण डॅपर स्वतःच ओआरएम (डेटाबेस आणि प्रोग्राममध्ये डेटाची ने-आण करणारं टूल) आहे, छोटा असला तरी, म्हणजे फरक ओआरएम असण्या-नसण्याचा नाहीच, तो दुसरीकडेच कुठेतरी आहे. तो नेमका कुठे आहे हे बघायला मला फार आवडतं, कारण डॅपरच्या आत जी युक्ती आहे ती माझ्या मते गेल्या वीसेक वर्षांतल्या सगळ्यात सुंदर प्रोग्रामिंग युक्त्यांपैकी एक आहे.

आधी थोडं बेसिक. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हापासून जगातला बहुतेक महत्त्वाचा डेटा टेबलांमध्ये राहतो, म्हणजे ओळी आणि कॉलम. आपले प्रोग्राम मात्र ऑब्जेक्टमध्ये विचार करतात. समजा गावच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर आहे, डेटाबेसमध्ये सभासदांचं टेबल आहे ज्यात क्रमांक, नाव, मोबाईल, वर्गणी असे चार कॉलम आहेत, आणि डॉट नेटच्या सी शार्प भाषेत सभासद नावाचा क्लास आहे ज्यात याच चार प्रॉपर्टी आहेत. टेबलातली ओळ उचलून ऑब्जेक्टमध्ये भरायची आणि उलट ऑब्जेक्ट परत टेबलात लिहायचा, या ने-आणीला ऑब्जेक्ट रिलेशनल मॅपिंग म्हणतात आणि ते करणारं टूल म्हणजे ओआरएम.

हे काम हातानेही करता येतं. शून्य नंबरच्या कॉलममधून आकडा घे, क्रमांकात ठेव, एक नंबरच्या कॉलममधून मजकूर घे, नावात ठेव, दोन नंबरचा कॉलम रिकामा आहे का बघ, नसेल तर मोबाईलमध्ये ठेव... असं लिहीत जायचं. चालतं एकदम फास्ट, पण साठ टेबलं आणि प्रत्येकात तीस-चाळीस कॉलम असले की लिहिणाऱ्याचा जीव जातो, आणि कोणी क्वेरीमध्ये (एसक्यूएल भाषेत डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कॉलमांचा क्रम बदलला की मोबाईल नंबर नावात जाऊन बसतो आणि कंपायलर काहीच बोलत नाही.

दुसरा मार्ग रिफ्लेक्शनचा. प्रोग्राम चालू असताना क्लासलाच विचारायचं की बाबा तुझ्यात कुठकुठल्या प्रॉपर्टी आहेत, आणि कॉलमचं नाव जुळलं की त्या प्रॉपर्टीत व्हॅल्यू टाकायची. एकच कोड सगळ्या टेबलांना चालतो, पण ही विचारपूस प्रत्येक ओळीच्या प्रत्येक कॉलमला होत राहते. बीटवर नवीन आलेला पोस्टमन प्रत्येक पत्रासाठी बिल्डिंगखालचा नावांचा बोर्ड वाचत उभा राहतो आणि जुना पोस्टमन बोर्डाकडे न बघता थेट दुसऱ्या मजल्यावर जातो, तसा हा फरक. दहा हजार ओळी गुणिले चाळीस कॉलम म्हणजे चार लाख वेळा बोर्ड वाचणं.

मग सगळ्या टेबलांना चालणारा एकच कोडही हवा आणि हाताने लिहिलेल्या कोडचा स्पीडही हवा, दोन्ही एकदम कसं मिळणार? २०११ साली प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो साइटला हाच प्रश्न पडला होता. ती साइट तेव्हा लिंक टू एसक्यूएल या मायक्रोसॉफ्टच्या ओआरएमवर चालायची आणि ट्रॅफिक वाढल्यावर ते लेयर जड जायला लागलं. तिथल्या सॅम सॅफ्रन आणि मार्क ग्रॅव्हेल यांनी डॅपर लिहिलं आणि ओपन सोर्स करून टाकलं. सुरुवातीला ते अक्षरशः एका फाइलमध्ये मावायचं.

युक्ती अशी की डॅपर प्रोग्राम चालू असतानाच नवीन फंक्शन लिहितं. तुम्ही म्हणालात की या क्वेरीचे रिझल्ट मला सभासद म्हणून दे, तर ते पहिल्यांदा, फक्त पहिल्यांदाच, रिफ्लेक्शनने क्लास वाचतं, डेटाबेसकडून आलेले कॉलम बघतं, आणि या जोडीसाठी एक खास फंक्शन तयार करतं, तेच जे तुम्ही हाताने लिहिलं असतं. डॉट नेटमध्ये याची सोय २००५ च्या २.० व्हर्जनपासून आहे, तिला डायनॅमिक मेथड म्हणतात. हे फंक्शन सी शार्पमध्ये लिहिलेलं नसतं, ते इंटरमीजिएट लँग्वेजमध्ये म्हणजे आयएलमध्ये असतं, आणि आयएल चालतं स्टॅकवर, एकावर एक वस्तू ठेवायच्या आणि वरची आधी उचलायची.

इथे जरा हळू वाचा कारण मजा इथेच आहे. आधी कोरा सभासद ऑब्जेक्ट बनवून स्टॅकवर ठेवला जातो. मग प्रत्येक कॉलमसाठी हेच चक्र: त्या ऑब्जेक्टच्या संदर्भाची एक कॉपी वर ठेव, तिच्यावर रीडर (डेटाबेसकडून आलेली ओळ वाचणारा ऑब्जेक्ट) ठेव, त्याच्यावर कॉलमचा नंबर ठेव, आणि व्हॅल्यू मागव. व्हॅल्यू आली की बघ ती डेटाबेसवाली नल म्हणजे रिकामी आहे का. नसेल तर तिला योग्य टाइपमध्ये बदल आणि प्रॉपर्टीचा सेटर (तिच्यात व्हॅल्यू भरणारं फंक्शन) बोलव, तो व्हॅल्यू आणि कॉपी दोन्ही खाऊन टाकतो आणि स्टॅकवर परत फक्त मूळ ऑब्जेक्ट उरतो, पुढच्या कॉलमसाठी तयार. नल असेल तर सेटर बोलवायचाच नाही, व्हॅल्यू आणि कॉपी दोन्ही उचलून फेकून द्यायच्या आणि पुढे जायचं. डेटाबेसमधला कॉलम मोठ्या इंटिजरचा आणि प्रॉपर्टी छोट्या इंटिजरची असेल तर कुठलं कन्व्हर्जन लागेल हे फंक्शन तयार करतानाच ठरवलेलं असतं. शिवाय सध्या कितव्या कॉलमवर आहोत तो नंबर एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो, म्हणून एरर आली तर "तीन नंबरच्या कॉलममध्ये ही व्हॅल्यू बसत नाही" असं कॉलमच्या नावासकट कळतं. मग प्रोग्राम चालू असतानाच काम करणारा जेआयटी कंपायलर या सगळ्याचं मशीन कोड करतो, आणि पहिल्या ओळीला जो काही वेळ गेला असेल तो गेला, पुढच्या लाखो ओळी हाताने लिहिलेल्या कोडच्या जवळपास स्पीडने भरल्या जातात.

वर नलचं सांगितलं त्याचा एक परिणाम रोजच्या कामात दिसतो. क्लासमध्ये तुम्ही वर्गणी डिफॉल्ट शंभर ठेवली असेल आणि टेबलात त्या सभासदाची वर्गणी नल असेल, तर ऑब्जेक्टमध्ये शंभरच दिसणार, कारण सेटर बोलवलाच गेला नाही. हे बदलायला सेटिंग आहे, पण मुळात असं का होतं हे माहीत नसेल तर माणूस डेटाबेसवर संशय घेत बसतो.

तयार झालेलं फंक्शन कॅशमध्ये (परत वापरायला जपलेल्या साठ्यात) जातं आणि त्या कॅशची किल्ली बनते क्वेरीचा मजकूर, कनेक्शन, रिझल्टचा टाइप, पॅरामीटरचा (क्वेरीत जागा सोडून वेगळ्या पाठवलेल्या व्हॅल्यूचा) टाइप अशा गोष्टींपासून. सोबत कॉलमांच्या नावांचा आणि टाइपचा हॅशही (त्यांच्यापासून काढलेला एक आकडा) ठेवलेला असतो, म्हणजे मधेच कोणी टेबलात कॉलम वाढवला आणि तुमची क्वेरी सगळे कॉलम मागणारी असेल तर डॅपरच्या लक्षात येतं आणि ते फंक्शन परत लिहितं. पण क्वेरीचा मजकूर किल्लीत आहे म्हटल्यावर पॅरामीटर न वापरता स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवणाऱ्याचं काय होणार ते बघा: प्रत्येक सभासद क्रमांकाला वेगळा मजकूर, वेगळी किल्ली, नवीन फंक्शन. तिकडे डेटाबेसही प्रत्येक मजकुराला नवीन प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा) बनवत बसतो. आणि एसक्यूएल इंजेक्शनचा (व्हॅल्यूच्या जागी टाकलेला मजकूर क्वेरीचाच भाग होण्याचा) धोका आहे तो आहेच, त्यासाठी हॅकरच लागतो असंही नाही, वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या डिसूझांनी आपलं आडनाव रोमन लिपीत, डी नंतर ॲपॉस्ट्रॉफी देऊन सर्च बॉक्समध्ये टाकलं तरी अशी क्वेरी फुटते, कारण एसक्यूएलमध्ये ते चिन्ह म्हणजे मजकूर संपला.

आता गंमत अशी की मायक्रोसॉफ्टचा ओआरएम एंटिटी फ्रेमवर्क कोअर, ज्याला सगळे जड म्हणतात, तेही ओळ भरायचं फंक्शन चालू प्रोग्राममध्येच कंपाइल करतं, फक्त आयएल हाताने न लिहिता एक्स्प्रेशन ट्रीमधून (कोडचं झाडासारखं रूप). म्हणजे ज्या युक्तीमुळे डॅपर फास्ट म्हणून ओळखलं जातं ती दोघांकडे आहे! मग जडपणा येतो कुठून? थोडा येतो लिंकमध्ये (सी शार्पमध्येच क्वेरी लिहायची पद्धत) लिहिलेल्या क्वेरीचं एसक्यूएल बनवण्यातून, पण मोठा वाटा आहे आठवण ठेवण्याचा. एंटिटी फ्रेमवर्क प्रत्येक ऑब्जेक्टच्या मूळ व्हॅल्यू बाजूला जपून ठेवतं, एकाच क्रमांकाचा सभासद दोनदा मागितला तर तोच ऑब्जेक्ट परत देतं, आणि सेव्ह म्हटलं की जुनं-नवं ताडून फक्त बदललेले कॉलम अपडेट करतं. डॅपर ऑब्जेक्ट तुमच्या हातात दिला की त्याला विसरून जातं. फक्त वाचायचंच असेल तर एंटिटी फ्रेमवर्कलाही सांगता येतं की ट्रॅकिंग, म्हणजे ही आठवण ठेवणं, नको, आणि तेव्हा दोघांमधलं अंतर बरंच कमी होतं. बेंचमार्कचे ग्राफ दाखवणारे बऱ्याचदा हे सांगत नाहीत, म्हणून मला त्या ग्राफांचा राग येतो.

आणि ग्राफमधला तो फरक असतो मायक्रोसेकंदांचा. एकाच डेटा सेंटरमध्ये ॲप सर्व्हरपासून डेटाबेस सर्व्हरपर्यंत एक फेरी अर्धा मिलिसेकंद म्हणजे पाचशे मायक्रोसेकंद सहज खाते. शंभर सभासद आणले आणि मग लूपमध्ये प्रत्येकाची पुस्तकं वेगळ्या क्वेरीने आणली तर झाल्या एकशे एक फेऱ्या, पन्नास मिलिसेकंद नुसती ये-जा, आणि हे डॅपरमध्येही तितकंच सहज करता येतं. तशीच अजून एक अंधश्रद्धा म्हणजे सगळ्या क्वेऱ्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेलं एसक्यूएल) टाकल्या की आपोआप फास्ट होतं. मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर पॅरामीटरवाल्या साध्या क्वेरीचा प्लॅनही कॅश करतो, तेव्हा प्रोसिजर वापरायच्या तर परमिशन वगैरे कारणांसाठी जरूर वापरा, पण तिथे स्पीडची जादू नाहीये.

विसरून जाण्याची किंमत कुठे मोजावी लागते त्याचं एक उदाहरण. डॅपरला तुमच्या टेबलाची रचना माहीत नसते, त्यामुळे पॅरामीटरमध्ये स्ट्रिंग दिली की ते ती एनव्हारकार (कुठल्याही लिपीचा युनिकोड मजकूर ठेवणारा टाइप) म्हणून पाठवतं. मोबाईलचा कॉलम साधा व्हारकार (मुळात मर्यादित अक्षरांचा टाइप) असेल तर एसक्यूएल सर्व्हरला दोन टाइप जुळवावे लागतात, आणि नियमाप्रमाणे एनव्हारकार वरचढ असल्यामुळे बदलला जातो तो कॉलम. जुन्या पद्धतीचं एसक्यूएल कोलेशन (मजकुराची तुलना करायचे नियम) असेल तर इंडेक्समध्ये (लवकर शोधायला ठेवलेली सूची) नेमका शोध घेण्याऐवजी सर्व्हर सगळा इंडेक्स चाळत बसतो, दहा लाख सभासदांत एक मोबाईल शोधायला दहा लाख नंबर. क्वेरी बरोबर आहे, इंडेक्स आहे, तरी स्लो. उपाय एका ओळीचा आहे, डॅपरच्या डीबीस्ट्रिंगमध्ये हा मजकूर अँसी म्हणजे युनिकोड नसलेला आहे असं सांगायचं. एंटिटी फ्रेमवर्कला कॉलमचा टाइप एकदा मॉडेलमध्ये सांगून ठेवलेला असतो म्हणून ते स्वतःच योग्य पॅरामीटर पाठवतं. पण याचा अर्थ सगळे कॉलम व्हारकार करून टाका असा अजिबात नाही, नावाचा कॉलम साधा व्हारकार केला आणि कोलेशन यूटीएफ ८ वालं नसलं तर देवनागरीत लिहिलेल्या सभासदाच्या नावाची नुसती प्रश्नचिन्हं होतात. मराठी डेटा असेल तिथे एनव्हारकारच.

बाकीच्या हलक्या टूलांकडे याच नजरेने बघावं. रॉब कॉनरी यांचं मॅसिव्ह हेही २०११ चंच, त्यात क्लास लिहायचीच गरज नाही, ओळ थेट डायनॅमिक ऑब्जेक्ट म्हणून मिळते, स्क्रिप्टसारख्या कामाला छान पण प्रॉपर्टीचं नाव चुकलं तर ते चालवल्यावरच कळतं. पेटापोको डॅपरसारखंच आयएल लिहितं, वर इन्सर्ट-अपडेट आणि पेजिंग तयार देतं, त्याच्यापासूनच पुढे एनपोको निघालं. लिंक टू डीबीमध्ये क्वेरी टाइपसकट लिहिता येते आणि तरी ट्रॅकिंगचं ओझं येत नाही, मला ते हवं तेवढं लोकप्रिय झालं नाही असं वाटतं. पायथनमधलं पीवी लहान आणि शिकायला सोपं आहे, तिथे हलकं म्हणजे स्पीडपेक्षा डोक्याला ताप कमी. जावामधलं जूक आणि गोमधलं एसक्यूएलसी हे काम चालू प्रोग्रामऐवजी बिल्डच्या वेळीच करतात, स्कीमा म्हणजे टेबलांची रचना वाचून आधीच कोड लिहून ठेवतात. डॅपरलाही त्या दिशेला जावं लागतंय, कारण नेटिव्ह एओटीने (आधीच मशीन कोड करून ठेवायची पद्धत) कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये जेआयटी नसतो, चालू असताना नवीन फंक्शन लिहिताच येत नाही, म्हणून डॅपर एओटी नावाचं वेगळं पॅकेज तेच फंक्शन बिल्डमध्ये सी शार्पमध्ये जनरेट करतं.

माझं मत विचाराल तर एकच निवडायची सक्ती कोणी केलेली नाही. लिहिण्याचं काम, जिथे एका ऑब्जेक्टला पाच जोडलेले ऑब्जेक्ट असतात, ते एंटिटी फ्रेमवर्कला द्यावं, आणि रिपोर्ट, याद्या, मोठी जोडणी असलेल्या क्वेऱ्या डॅपरमध्ये हाताने एसक्यूएल लिहून कराव्यात, दोघं एकच कनेक्शन आणि एकच ट्रान्झॅक्शन वापरू शकतात. फक्त एक सांभाळा. डॅपरने एखाद्या सभासदाची वर्गणी अपडेट केली आणि तोच सभासद एंटिटी फ्रेमवर्कच्या आठवणीत आधीपासून असेल, तर परत क्वेरी मारली तरी तुम्हाला जुनी वर्गणीच मिळते, डेटाबेसमधून नवीन आकडा आलेला असूनही, कारण ते आपल्याकडचा ऑब्जेक्ट तसाच परत देतं. अशा ठिकाणी नवा कॉन्टेक्स्ट (ही आठवण ठेवणारा एंटिटी फ्रेमवर्कचा ऑब्जेक्ट) घ्या किंवा तो ऑब्जेक्ट मुद्दाम रीलोड करा.