विकासकार्यातील लिंगभाव-विषमता

आंतरराष्ट्रीय विकास प्रकल्पांतील निर्णय, निधी आणि लाभ यांच्या वाटपात लिंगभाव, अपंगत्व, वय, वंश इत्यादींमुळे पडणारा भेद. हा भेद खुद्द प्रकल्पामुळेही वाढतो, हे एस्टर बोझरूप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ महिलेने १९७० मध्ये दाखवून दिले : आफ्रिकेत शेतीचा मोठा भार स्त्रिया वाहत असताना नवी अवजारे, नगदी पिके व प्रशिक्षण पुरुषांकडे गेले.

‘विकासात स्त्रिया’ (स्त्रियांना विकास प्रकल्पांत सामावून घ्यावे, ही भूमिका) या संज्ञेचे श्रेय पुष्कळदा बोझरूप यांनाच दिले जाते. तथापि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सोसायटी फॉर इंटरनॅशनल डेव्हलपमेंट या संस्थेच्या वॉशिंग्टनमधील महिला गटाने ती रूढ केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९७३ च्या पर्सी दुरुस्तीने अमेरिकेच्या परकीय साहाय्य कायद्यात ही भूमिका आली. लुर्देस बेनेरिया व गीता सेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बोझरूप यांच्या मांडणीची मर्यादा दाखवली : स्त्रिया विकासाबाहेर नव्हत्याच, त्यांना कोणत्या अटींवर सामावून घेतले, हा खरा प्रश्न. ‘लिंगभाव आणि विकास’ हा स्त्री-पुरुषांमधील सत्तासंबंधांवर भर देणारा पुढील दृष्टिकोन याच टीकेच्या अंगाने वाढला. व्यावहारिक (रोजच्या अडचणींशी निगडित) व व्यूहात्मक (सत्तेतील स्थान बदलण्याशी निगडित) हा भेद समाजशास्त्रज्ञ मॅक्सीन मॉलिनो यांनी १९८५ मध्ये ‘हितसंबंधां’बाबत केला होता, कॅरोलाइन मोझर यांनी नियोजनासाठी त्याच्या ‘गरजा’ केल्या. या शब्दबदलात राजकीय आशय पातळ झाला, हा आक्षेप रास्त आहे. जवळ नळ येणे ही व्यावहारिक गरज. पाणी समितीत निर्णयाचा अधिकार ही व्यूहात्मक. बैठक पाणी भरण्याच्या वेळीच ठेवली, तर सदस्य स्त्रीचे नाव केवळ यादीत राहते.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने ठरवलेल्या पद्धतीनुसार देणगीदार आपल्या प्रकल्पांना लिंगभाव-अंक देतात. २ : समानता हाच मुख्य हेतू, एरवी प्रकल्प हाती घेतलाच नसता, १ : हेतू महत्त्वाचा, पण मुख्य नव्हे, ० : तपासणी झाली, हेतू आढळला नाही. रकाना कोरा असणे म्हणजे ० नव्हे. तेथे तपासणीच झालेली नसते. १ व २ या दोन्हींसाठी आधी लिंगभाव-विश्लेषण आवश्यक असते. अंक आखणीच्या वेळच्या हेतूवर ठरतो, परिणामावर नव्हे. शिवाय १ अंकाच्या प्रकल्पाची संपूर्ण रक्कम समानतेसाठीच्या निधीच्या बेरजेत धरली जाते, त्यामुळे समानतेवर प्रत्यक्ष झालेला खर्च त्या आकड्यावरून कळत नाही. निधीचे आकडे वाचताना हे विसरता कामा नये.

विषमतेचे पदर एकमेकांत गुंतलेले असतात. यासाठीची आंतरछेदिता ही संज्ञा अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांची (१९८९). मोजणीत मात्र ती क्वचितच उतरते. ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारले की संकोचापोटी नकार येतो. म्हणून वॉशिंग्टन गट या अपंगत्व-सांख्यिकीवरील संयुक्त राष्ट्रांच्या गटाच्या लघु प्रश्नसंचात ‘अपंग’ हा शब्दच नाही : चष्मा लावूनही दिसण्यात अडचण येते का, असे सहा क्रियांबाबत विचारतात. उत्तराचे पर्याय चार. एकाही क्रियेत ‘खूप अडचण’ किंवा ‘अजिबात जमत नाही’ असे उत्तर आले तर व्यक्ती अपंग म्हणून मोजली जाते. चिंता, नैराश्य यांसारख्या मनोसामाजिक अडचणी यातून बऱ्याच निसटतात आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी हा संच उपयोगाचा नाही.